यीस्ट जगलं, म्हणून काळी पूड निर्धोक ठरत नाही

गाडीला ग्राफीन कोटिंग करून देण्याच्या पाट्या आता तालुक्याच्या गावीही दिसतात. इंजिन ऑइलच्या डब्यावर हा शब्द आहे, उशीच्या खोळीवर आहे, कोविडच्या काळात तर तो मास्कवरही आला. दुकानदार म्हणतो, "अहो, कार्बनच आहे तो, कोळसा. त्यानं काय होतंय?" आणि मोबाइलवर कुणीतरी धाडलेला मजकूर सांगतो की या कणांनी जिवंत पेशी मरतात, प्रयोगशाळेत सिद्ध झालंय. मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, यीस्ट हा माझ्या रोजच्या कामातला जीव. विद्यार्थी आणि त्यांचे पालक मला दोन्ही गोष्टी दाखवतात आणि विचारतात, यातलं खरं काय? दोन्ही बोलणी अर्धीच आहेत, आणि जी बाजू सांगायची राहून जाते ती तुमच्या-माझ्या फुप्फुसांची आहे. म्हणून हे लिहिते आहे.

आधी हे पदार्थ कोणते ते थोडक्यात. १९८५ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात हॅरोल्ड क्रोटो, रॉबर्ट कर्ल आणि रिचर्ड स्मॉली यांना साठ कार्बन अणूंचा पोकळ गोळा सापडला, तो फुलरीन. १९९१ मध्ये जपानचे सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचं वर्णन केलं, त्या नॅनोट्यूब. २००४ मध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीनं ग्रॅफाइटचे थर सोलत सोलत एका अणूच्या जाडीचा पापुद्रा वेगळा केला, ते ग्राफीन. नॅनोट्यूबची जाडी एका नॅनोमीटरपासून काही दशक नॅनोमीटरपर्यंत असते. माणसाचा केस ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, यावरून अंदाज करा. लांबी मात्र हजारो नॅनोमीटर असू शकते. जाडी नगण्य आणि लांबी भरपूर, हे लक्षात ठेवा, पुढे यावरच सगळं येऊन थांबणार आहे.

आता यीस्ट. पाव फुगवणारं, वाइन आणि बिअर आंबवणारं हे यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, एकपेशीय असलं तरी त्याच्या पेशीची घडण आपल्या पेशीच्या जवळची आहे. केंद्रक आहे, मायटोकॉन्ड्रिया आहेत, विषारी ऑक्सिजनपासून बचाव करणारी विकरं आहेत. १९९६ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. केंद्रक असलेल्या सजीवांत हा मान पहिल्यांदा यीस्टला मिळाला. साधारण सहा हजार जनुकं, आणि त्यातली कितीतरी माणसातल्या जनुकांची भावंडं. पेशी विभागते कशी, स्वतःचाच टाकाऊ भाग पचवते कशी, हे आपण यीस्टकडून शिकलो. २००१ आणि २०१६ च्या नोबेल पारितोषिकांमागे तेच काम आहे. शिवाय चांगलं पोषण मिळालं की दीड तासात दुप्पट होतं, स्वस्त आहे, उंदीर-ससे वापरावे लागत नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह आहे, तिथून हव्या त्या वाणाचं यीस्ट मागवता येतं. एखादा नवा पदार्थ पेशीला बाधतो का, हे पहिल्या फेरीत तपासायला म्हणूनच यीस्ट वापरतात. त्यात गैर काहीच नाही.

ही तपासणी कशी चालते ते एकदा जवळून पाहा, म्हणजे 'सिद्ध झालंय' या शब्दांचं वजन तुमचं तुम्हालाच कळेल.

नळीत यीस्ट वाढत असतं, गढूळ पांढरट. त्यात नॅनोट्यूब घातल्या की काही वेळातच काळे पुंजके तळाशी बसू लागतात, कारण या नळ्यांना पाण्यापेक्षा एकमेकींना चिकटून राहणं जास्त मानवतं. थेंबभर द्रव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की दिसतं, वाटोळ्या पेशी त्या काळ्या पुंजक्यांना बिलगलेल्या आहेत, काही मोकळ्या तरंगताहेत. जिवंत कोणती, मेलेली कोणती हे ओळखायला मेथिलीन ब्लू नावाचा निळा रंग घालतात. जिवंत पेशी तो रंग बेरंग करून टाकते, मेलेली निळीच राहते. पदवीच्या वर्गातही हा प्रयोग होतो.

इथेच फसगत होते. हाच मेथिलीन ब्लू कार्बनला अतिशय प्रिय आहे. पाणी शुद्ध करणारा कोळसा किती चांगला आहे हे ठरवायची एक जुनी चाचणीच अशी की तो किती मेथिलीन ब्लू शोषतो. म्हणजे नळीतला कार्बन रंग स्वतःच गिळून बसतो, मेलेल्या पेशींना पुरेसा रंग मिळत नाही, आणि पाहणारा त्यांना जिवंत मोजतो. पेशींचा जिवंतपणा मोजायला जगभर वापरतात त्या एमटीटी नावाच्या रंगाचीही नॅनोट्यूबबरोबर अशीच गडबड होते, हे २००६ मध्येच दाखवून झालं आहे.

मग गढूळपणा मोजावा म्हटलं तर यंत्र प्रकाश किती अडला ते मोजतं, आणि काळे कण प्रकाश अडवतातच. बशीतल्या आगरवर पसरून वसाहती मोजाव्यात, तर पुंजक्याला चिकटलेल्या दहा पेशी मिळून एकच पांढरा ठिपका उगवतो, आणि नऊ पेशी नाहक मेलेल्यांच्या खात्यात जातात. एखादी पद्धत कार्बनला निर्दोष ठरवते, एखादी गुन्हेगार. याशिवाय नॅनोट्यूब तयार करताना लोखंड, निकेल, कोबाल्ट असे धातू वापरतात आणि त्यांचे अवशेष पुडीत राहतात. पेशी मेल्या त्या कार्बनमुळे की निकेलमुळे, हे वेगळं तपासावं लागतं. कार्बन द्रवातली जीवनसत्त्वं शोषून घेतो, म्हणजे पेशी विषानं नव्हे, उपासमारीनंही मंदावू शकतात. ज्या अहवालात यातल्या कशाचाच विचार नाही, त्यातला टक्का कितीही ठळक छापलेला असला तरी त्यावर विसंबू नका.

नीट केलेल्या प्रयोगांतून जे दिसतं ते असं. ऑक्सिडाइज केलेल्या नॅनोट्यूब किंवा ग्राफीन ऑक्साइड यांची मात्रा वाढवत नेली की यीस्टची वाढ मंदावते. पेशीत ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढतात, मायटोकॉन्ड्रियाला झळ पोचते, पेशीपटलाला इजा होते, काही पेशी स्वतःचा नाश स्वतःच करतात. हे खरं आहे. पण ठळक परिणाम दिसायला पुष्कळ प्रयोगांत लिटरमागे शेकडो मिलिग्रॅम इतकी मात्रा लागते. कुठल्याही नदी-नाल्यात अशा कणांची एवढी दाटी असेल असं मानायला काही आधार नाही. शिवाय हे कण एकाच स्वभावाचे नाहीत. कोऱ्या नॅनोट्यूब, आम्लात धुतलेल्या, लांब, आखूड, गुंतलेल्या, सरळ, प्रत्येकीचं वागणं निराळं. नुसत्या पाण्यात पेशीला बाधणारा कण पोषक द्रवात प्रथिनांचं अस्तर अंगावर चढलं की मवाळ होतो. म्हणून 'ग्राफीननं यीस्ट मरतं' असं एका ओळीचं वाक्य कुणी पाठवलं तर पुढे ढकलू नका. कोणतं ग्राफीन, किती, किती वेळ, एवढं तरी विचारा.

हे झालं भीती दाखवणाऱ्यांबद्दल. मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या टोकाची. 'आम्ही पेशींवर तपासून पाहिलंय, काही होत नाही' असं कुणी सांगितलं की आपण निर्धास्त होतो. आणि यीस्टला फुप्फुसं नाहीत.

यीस्टच्या पेशीभोवती शंभर-दोनशे नॅनोमीटर जाडीची टणक भिंत असते. आपल्या पेशींना तशी भिंत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्या फुप्फुसांच्या तळाशी, हवेच्या इवल्या पिशव्यांमध्ये, सफाई करणाऱ्या पेशी फिरत असतात. आत आलेला कण त्या गिळतात आणि बाहेर वाहून नेतात. या पेशीचा व्यास दहा-वीस मायक्रोमीटर. समोर आलेला धागा तिच्यापेक्षा लांब आणि ताठ असेल तर तो तिला पुरता गिळता येत नाही, तोंड मिटत नाही, आणि गिळण्याच्या धडपडीत तिच्यातली दाहक द्रव्यं बाहेर सांडत राहतात. धागा तसाच राहतो, दाह चालू राहतो, वर्षानुवर्षं. ॲस्बेस्टॉसनं माणसं मारली ती या वाटेनं. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग धूळ श्वासात गेल्यानंतर तीस-चाळीस वर्षांनीही उगवतो. कामगार तेव्हा निवृत्त झालेला असतो, आणि आजाराचा कामाशी संबंध कुणी लावतही नाही.

२००८ मध्ये एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी लांब, सरळ नॅनोट्यूब उंदरांच्या पोटाच्या पोकळीत सोडून पाहिल्या. तिथल्या आवरणावर ॲस्बेस्टॉसच्या लांब तंतूंसारखाच दाह आणि गाठी दिसल्या. आखूड, गुंतलेल्या नॅनोट्यूबनी तसं केलं नाही. हा प्रयोग टोचून केलेला होता, श्वासातून नव्हे, हेही सांगायला हवं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१४ च्या बैठकीत एमडब्ल्यूसीएनटी-७ या एका ठरावीक प्रकारच्या नॅनोट्यूबला 'माणसात कर्करोग करण्याची शक्यता असलेला' या गटात घातलं. बाकी प्रकारांबद्दल पुरावा अपुरा म्हणून निर्णय राखून ठेवला. राखून ठेवणं म्हणजे निर्दोष सोडणं नव्हे.

यीस्टच्या नळीत हा धोका कधीच दिसणार नाही. तिथे गिळायला कुणी नाही, अडकून पडायला आवरण नाही आणि तीस वर्षं थांबायला वेळ नाही. म्हणून यीस्ट मेलं तर ती सूचना समजा, पण यीस्ट जगलं तर तो परवाना समजू नका.

यातून रोजच्या व्यवहारासाठी काय घ्यायचं? कण कुठे आहे आणि कोणत्या वाटेनं अंगात शिरू शकतो, हे आधी पाहा. बॅटरीच्या आत, रॅकेटच्या दांड्यात, टायरच्या रबरात घट्ट बांधलेला कार्बन वापरणाऱ्याच्या श्वासात सहसा येत नाही. तेवढ्यासाठी झोप उडवून घ्यायचं कारण नाही. मोकळी पूड आणि फवारा यांचं तसं नाही. युरोपचा सौंदर्यप्रसाधनांचा कायदा याच विवेकानं लिहिलेला आहे: डोळ्यांत घालायच्या काजळात किंवा मस्काऱ्यात कार्बन ब्लॅक हा नॅनो रूपातला काळा रंग दहा टक्क्यांपर्यंत चालतो, पण जे फवारल्यावर श्वासात जाऊ शकेल अशा प्रसाधनात तो चालत नाही. पदार्थ एकच, वाट बदलली की नियम बदलला.

कॅनडातलं मास्कचं प्रकरणही लक्षात ठेवण्यासारखं आहे. एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या आरोग्य खात्यानं ग्राफीन असलेले मास्क वापरू नका असं जाहीर केलं, कारण श्वासातून गेलेल्या ग्राफीनमुळे प्राण्यांच्या फुप्फुसांना इजा होते असं आढळलं होतं आणि या मास्कमधून कण सुटतात की नाही हे कुणी दाखवलेलं नव्हतं. शाळांमधून, पाळणाघरांतून ते मास्क परत घेतले गेले. मग उत्पादकाकडून माहिती मागवून तपासणी झाली, आणि जुलैमध्ये काही ठरावीक मॉडेलमधून फुप्फुसांना बाधेल इतके कण सुटत नाहीत असं दिसल्यावर त्यांना पुन्हा परवानगी मिळाली. आधी विचारलं, उत्तर आल्यावर मोकळं केलं. गिऱ्हाईक म्हणून आपणही एवढंच करायचं आहे. नाकातोंडाशी येणाऱ्या कोणत्याही वस्तूवर 'ग्राफीन' किंवा 'नॅनो कार्बन' असेल तर कण सुटत नाहीत याचा तपासणी अहवाल मागा. मिळाला नाही तर साधा एन-९५ घ्या, तो त्याचं काम चोख करतो.

गाडीचं कोटिंग हातानं फडक्यानं लावतात तेव्हा धोका कमी. फवाऱ्यानं मारत असतील तर बंद गॅरेजमध्ये उभे राहू नका, लहान मुलाला तर नेऊच नका. आणि रोज तेच काम करणाऱ्या पोराच्या तोंडाला रुमाल बांधलेला दिसला तर त्याच्या मालकाशी बोला. रुमालानं हे कण अडत नाहीत, आणि फवाऱ्यातल्या द्रावकाच्या वाफा अडवायला तर वेगळा, गाळणी बसवलेला मास्क लागतो. अशा कोटिंगवर किंवा कार्बन मिसळलेल्या प्लास्टिकवर कोरडं सँडपेपर मारू नका. ओलं करून घासा.

आता माझ्या विद्यार्थ्यांशी आणि त्यांच्या मार्गदर्शकांशी बोलते. आविष्कार स्पर्धेसाठी, एमएस्सीच्या प्रकल्पासाठी नॅनोट्यूब आणि यीस्टचा विषय हल्ली आवडीनं घेतला जातो. पूड ऑनलाइन मिळते, यीस्ट हाताशी असतं, दोन महिन्यांत आलेख तयार होतात. जरूर करा. पण नळीतल्या यीस्टच्या जिवाची नोंद तासातासाला करणारी मुलगी बाटली उघडते कुठे, हे मी पाहते. पंख्याखाली, उघड्या तराजूवर. ही पूड इतकी हलकी असते की झाकण काढताच काळा धूर उठल्यासारखी वर येते, हातमोज्याला चिकटते, तिथून वहीला, वहीवरून घरी.

अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेनं, म्हणजे नायॉशनं, २०१३ मध्ये कामाच्या जागी नॅनोट्यूबसाठी मर्यादा सुचवली: आठ तासांच्या सरासरीनं एका घनमीटर हवेत एक मायक्रोग्रॅम. हिशोब करून पाहा. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घेतली तर तिच्यात सुमारे २८ घनमीटर हवा. म्हणजे अख्ख्या खोलीत मिळून २८ मायक्रोग्रॅम. एक मिलिग्रॅम पूड, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी, त्या हवेत तरंगली तर मर्यादेच्या पस्तीस पट झाली. वजन करताना एवढी पूड सांडली तर आपल्याकडे कुणी मान वर करूनही पाहत नाही.

म्हणून बाई म्हणून हक्कानं सांगते. शक्यतो कोरडी पूड विकत घेऊच नका, द्रवात कालवलेली मागवा. कोरडीच असेल तर धूर-कपाटात, हवेचा झोत मंद ठेवून तोला, आणि खोलीतला पंखा बंद करा. कण मोकळे करायला सोनिकेटर चालवताना भांड्याला झाकण हवं, कारण त्या कंपनांनी बारीक तुषार उडतात आणि तुषारांबरोबर नळ्याही. नीट बसणारा एन-९५ लावा. सांडलं तर झाडू घेऊ नका, ओल्या कागदानं टिपा आणि तो कागद बंद पिशवीत टाका. उरलेला द्रव बेसिनमध्ये ओतू नका. बाटलीवर चिठ्ठी लावून घातक कचऱ्यात द्या. पुडीबरोबर सेफ्टी डेटा शीट येते, ती मार्गदर्शकांनी पहिल्या दिवशी मुलांसमोर वाचावी. विकणाऱ्यानं ती दिली नसेल तर पूड परत करावी.

आणखी एक गोष्ट, जी मला या सगळ्याहून मोठी वाटते. कार्बनचे नॅनो आकाराचे कण नव्या तंत्रज्ञानाची वाट पाहत थांबलेले नव्हते. डिझेलच्या धुरात ते आहेत, चुलीच्या काजळीत आहेत. २०१५ मध्ये पॅरिसमधल्या दम्याच्या मुलांच्या श्वासमार्गातल्या सफाई-पेशी तपासल्या तेव्हा त्यांत कार्बन नॅनोट्यूब सापडल्या, गाड्यांच्या धुराड्यात सापडतात त्यांच्यासारख्याच. त्यांच्यामुळेच दमा झाला असं संशोधकांनी म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. पण डिझेलचा धूर माणसात कर्करोग करतो, हे कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्येच ठामपणे सांगितलं आहे. ग्राफीनच्या उशीची चिंता करणाऱ्या घराच्या मागच्या अंगणात प्लास्टिक आणि पालापाचोळा एकत्र पेटत असेल, शेकोटीत जुना टायर जात असेल, तर आधी ते थांबवा. होळीत टायर टाकणाऱ्या मुलांना अडवा. टायरमध्ये कार्बन ब्लॅक असतंच, आणि जळताना निघणारी काजळी त्याहून वाईट. शाळेच्या फाटकासमोर इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या बसच्या चालकाला इंजिन बंद करायला सांगा. ज्या घरात अजून चूल पेटते तिथे धुराला वर जायला वाट करून द्या, तान्ह्या मुलाला चुलीपाशी झोपवू नका.

आणि ज्यांना यीस्टवर काम करायचंच आहे त्यांनी प्रदर्शनातल्या तक्त्यावर एवढं तरी लिहावं: नॅनोट्यूब किती लांब, कशा धुतलेल्या, त्यात धातू किती उरलाय, लिटरमागे मात्रा किती, यीस्ट कोणत्या द्रवात आणि किती तास ठेवलं, जिवंत पेशी कोणत्या दोन वेगळ्या पद्धतींनी मोजल्या. नुसता काळा कार्बन आणि रंग, यीस्टशिवाय, एका नळीत ठेवून काय झालं तेही लिहा. शेवटच्या चौकटीत 'म्हणून हा पदार्थ माणसाला सुरक्षित आहे' असं वाक्य आलं असेल तर ते खोडा, आणि त्या जागी लिहा: फुप्फुसांवर होणारा परिणाम या प्रयोगात तपासलेला नाही.